टाकीची सावली

४ ऑक्टोबर
आईला माझ्या लेकीचा, टेसचा फोटो पाठवला. पायरीवर बसून हॅलोविनच्या भोपळ्याला डोळे कोरतेय. पाठवण्याआधी कॉम्प्युटरवर सगळं पुसलं — गाडीचा नंबर, घराचा नंबर, बाजूच्या चर्चची पाटी. आणि मागची गावाची उंच पाण्याची टाकी. कॉफीच्या किटलीच्या आकाराची, तोटी आणि कानासकट. या गावाला दुसरं काही सुचलं नाही. अख्ख्या नेब्रास्कात अशी दुसरी नसेल. तिच्या जागी निळं आभाळ भरलं. आम्ही कुठे राहतो हे आईलाही सांगितलेलं नाही.

हे काम माझ्या आधीच्या नवऱ्याने, डॅरिलनेच शिकवलेलं. गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या फोटोंतून नको ती माणसं काढायची — झिंगलेला मामा, नवरदेवाची जुनी मैत्रीण. आता त्याच्याच विद्येने त्याच्यापासून लपतेय. त्याने आमच्या जवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा कागद आहे. कागदाला कोण भीक घालतं.

७ ऑक्टोबर
आईचा फोन. खूश होती. फोटो छापून फ्रिजवर लावलाय म्हणे. मग हळूच — "डॅरिल येऊन गेला गं. पन्हळीतली पानं काढून दिली. बिचारा, किती वाळलाय. एवढा राग बरा नाही."

"आई, त्याने माझा हात मोडला होता."

"माणूस सुधारतो गं."

"स्वयंपाकघरात आला होता?"

"मग काय, कॉफी अंगणात देऊ त्याला?"

 काहीतरी कारण सांगून फोन ठेवला.

८ ऑक्टोबर
त्याने फ्रिजवरचा फोटो पाहिला असणार. पण फोटोत काही नाही. नीट पुसलंय मी.

९ ऑक्टोबर
फोटो परत उघडला. टाकी नाही. पण अंगणात, गवतावर, तिची सावली! लांबच लांब — तोटी, कान, सगळं. मी मूर्ख आभाळच बघत बसले होते.

डॅरिलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी सावली, मग माणूस. सावली राहिली की सगळं फुकट." विसरले की डोक्यात टपली मारायचा. तेव्हा टपलीच होती.

लगेच आईला फोन केला — फाडून टाक तो फोटो. म्हणाली, "फ्रिजवर दिसत नाही गं. पडला असेल कुठेतरी."

१० ऑक्टोबर
पोलीस ठाण्यात गेले. तिथला माणूस भला वाटला, पण हसू दाबत होता. "बाई, सावलीवरून कोण घर शोधतं?" घरावरून एखादी गाडी फिरवतो म्हणाला. शेजारच्या आर्डिसबाई म्हणतात, "माझ्या बहिणीकडे जाऊन राहा." टेसला पुन्हा शाळेतून काढू? दुसऱ्यांदा? ती आत्ता कुठे झोपेत दचकायची थांबलीय.

१३ ऑक्टोबर, रविवार
काही झालं नाही. उगाच भीत होते बहुतेक. काल टेसला पिवळे बूट घेतले. आज पहिल्यांदा घातले आणि लगेच पाऊस! पाऊस थांबल्यावर अंगणातल्या डबक्यात हात धरून दोघींनी उड्या मारल्या. ऊन पडलं होतं. पोट दुखेपर्यंत हसलो. आर्डिसबाईंना सांगितलं, नाही जात.

१४ ऑक्टोबर
दाराच्या फटीत पाकीट. तिकीट नाही, नाव नाही. आत एक फोटो, रस्त्यापलीकडून काढलेला. टेस, पायात पिवळे बूट — म्हणजे कालचाच. मागे टाकी, तोटीसकट. टेसचा एक हात वर, मूठ मिटलेली. त्या मुठीत माझी बोटं होती.

मी फोटोत नाही. सावलीसुद्धा काढलीय.