बोटानं वाचलेल्या पाट्या

१४ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळे बरे. हे सकाळचा चहा करायला शिकलेत. आपण चहा म्हणायचं आणि प्यायचा.

तू रंगवलेल्या पाट्या पोचल्या. कुरिअरवाला म्हणाला, "बाई, दुकान काढताय का?"

फोनवर मी म्हटलं होतं ना, आता रोज दोन पानं वाचते? साफ खोटं. हे वाचतात, मी ऐकते. मेंदूच्या झटक्यानंतर नर्सनं पेपर दिला, तर मी तिच्यावरच डाफरले, "ही कुठली लिपी?" मराठीच होती रे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात अर्धं आयुष्य घालवलेली मी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या मागच्या भागात अक्षर दिसतं, पण तिथून अक्षर ओळखणाऱ्या भागाकडे जाणारी वाट बंद झालीय. लिहिणारा भाग शाबूत आहे. म्हणजे लिहिणार मी, आणि माझंच मला वाचता येणार नाही! "बोटानं गिरवून बघा, हाताला ओळख असते," असंही त्या म्हणाल्या होत्या. मी कानाआड केलं. पुन्हा कधी वाचता येईल ही आशाच सोडली होती.

माझं खोटं आणि बाईंचं ते बोटानं गिरवणं, दोन्ही ह्यांनी तुला आधीच सांगितलं होतं म्हणे. बरं झालं.

एकेका पाटीवर एकेक, रंगाचे थर चढवून उंच केलेली तुझी अक्षरं बघून आधी रागच आला. मला काय बालवाडीत घातलंस? तरी डोळे मिटून बोट फिरवलं. 'द'. मग 'मा'. घाम फुटला. शेवटच्या पाटीपर्यंत गेले तेव्हा कळलं, "दमानं घे".

दादा, मी हसले आणि मग खूप रडले. हे धावत आले, त्यांना वाटलं परत काही झालं.

आता छापील मथळ्यावरूनही बोट फिरवते. काल एक अख्खा लागला. तेवढ्यात दूध उतू गेलं, ते ह्यांनी पुसलं. छापखान्याचा राजीनामा मात्र दिला. या वेगानं मुद्रितं तपासली तर पुस्तकं पुढच्या पिढीला मिळतील. वाईट वाटलंच. पण वाचणं परत येतंय, आणि ते तुझ्यामुळे. तुझे उपकार कसे फेडू?

हे पत्र मी परत वाचलेलं नाही. चुका असतील, पोटात घाल.

उत्तर हातानं लिही, मोठ्या अक्षरात, आणि चांगलं लांबलचक. कितीही दिवस लागोत, मीच वाचणार. ह्यांना हातसुद्धा लावू देणार नाही.

तुझीच,
छोटी