दाजींची ढाल

शाल्तेपेक, उपासाचा महिना, १५५२

चि. बाल्तासार यास अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र देवळातल्या लेखनिकाकडून लिहवून घेते आहे, त्यामुळे तुझा उद्धार बेताचाच होईल. उरलेला भेटीत करीन.

सख्ख्या भावाची बातमी मला बाजारात मिरच्यावालीकडून कळावी ना! समुद्रापलीकडच्या राजाला पाठवायला तू म्हणे आपल्या विजयाचा भलामोठा पट रंगवतो आहेस. स्पॅनिश लोकांच्या जोडीने आपण त्लास्कालावाल्यांनी मेक्सिकांची राजधानी पाडली, त्याला तीस वर्षं झाली. जिंकलो त्या दिवसापासून आपण वेठबिगारी करतो आहोत, हेही कोपऱ्यात कुठे काढलं आहेस का?

आमचा मुखिया सांगतो, ज्याचा बाप पटावर ढाल घेऊन दिसेल त्याच्या घरची वेठ माफ. गास्पारचं नाव ईस्टरनंतर चांदीच्या खाणीत जाणाऱ्या टोळीत आहे. गेल्या खेपेची निम्मी माणसं परतली नाहीत. माझा एकुलता एक आहे रे. तुझ्या दाजींना पुढच्या रांगेत उभं कर, डोक्यावर पिसांचा टोप घाल. चेहरा होता त्याहून जरा बरा काढलास तरी चालेल.

लोभ आहेच, तो आता कामाला लाव.

तुझी ताई,
माग्दालेना


त्लास्काला, त्याच महिन्यात

ती. ताईस बाल्तासारचा सा. न. वि. वि.

तुमचा लेखनिक देवमाणूस दिसतो. एवढ्या कमी शिव्यांचं पत्र तुझ्याकडून प्रथमच आलं.

इथे रोज दारात रांग लागते. लढायला गेलो म्हणणारे सगळे खरोखर गेले असते, तर मेक्सिका गर्दीनेच गुदमरून मेले असते. लढाईभर आईच्या मक्याच्या कणगीत लपलेल्या एका महाशयांना पटावर घोडा हवा आहे. स्पॅनिश लोक आले तेव्हा आधी आपणच त्यांच्याशी लढलो, ते कारभारी मंडळी काढू देत नाहीत. आपण म्हणे पहिल्या दिवसापासून टर्की कोंबडे घेऊन स्वागताला उभे होतो. देवीच्या रोगाची साथ कुठे दाखवू म्हणून विचारलं, तर ती नक्की कोणाच्या बाजूने लढली हे अजून ठरायचं आहे म्हणाले.

आता दाजी. ताई, दाजी लढले नव्हते. मेक्सिकांच्या राजधानीभोवतीच्या सरोवरात सोडायच्या जहाजांच्या फळ्या त्यांनी कपाळाला पट्टा लावून डोंगरापार वाहिल्या. हमाल पटावर शोभत नाहीत, जहाजं एकदम पाण्यातच काढ, असा मला हुकूम आहे. परक्यांची थापेबाजी मी रोज रंगवतो, पण आपल्या माणसाचं खोटं चित्र काढायला हात धजत नाही. रागावू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

बाल्तासार


शाल्तेपेक, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार

चि. बाल्तासार यास आशीर्वाद, रागातले का होईनात.

कणगीतल्याला घोड्यावर बसवताना हात बरा धजला! ह्यांच्या कपाळावरचा पट्ट्याचा वळ मरेपर्यंत गेला नाही. वेढ्यात अडकलेली मेक्सिकांची पोरं भुकेने भिंतीचा चुना चाटत होती, एवढं त्यांनी एकदाच सांगितलं. त्यानंतर घरात कोणाला विजयाचं नाव काढू दिलं नाही. ते असते तर मला हे पत्र लिहूच दिलं नसतं. ते नाहीत, म्हणून लिहिते आहे. सून पोटुशी आहे. मला भीती वाटते रे.

कारभारी मंडळींसाठी दोन टर्की पाठवते आहे. मोठा चावतो.

लोभ असेल तर दिसू दे.

ताई


त्लास्काला, ईस्टरनंतर

ती. ताईस सा. न. वि. वि.

काढले! पुढच्या रांगेत, बगळ्याच्या पिसांचा टोप, हातात ढाल. दाजी फार शूर होते हे कारभारी मंडळींना टर्की खाता खाता आठवलं. स्पॅनिश साहेब पट पाहायला आले, ते दाजींपाशीच थांबले. गास्पारचं नाव टोळीतून निघालं. अशा वीराच्या मुलाला काही मानाचं द्यायला हवं, असंही साहेब म्हणाले. किनार रंगवून झाली की पट बंदराकडे निघेल.

आता तरी हस. लोभ वाढवावा.

बाल्तासार


शाल्तेपेक, त्यानंतरचा आठवडा

चि. बाल्तासार यास अनेक आशीर्वाद.

मान घरपोच आला. साहेबाने गास्पारच्या हातात काठी देऊन त्याला टोळीचा मुकादम केला. वीराच्या मुलाला लोक नाही म्हणत नाहीत म्हणे. त्याने खाणीत जायचं नाही, फक्त घरोघर फिरून माणसं काढून द्यायची.

पहिलंच घर शेजारच्या खुआनाचं निघालं. तिला दूध नव्हतं म्हणून तिचा मुलगा मी गास्पारबरोबर पाजलेला. तो मुकाट्याने निघाला. खुआनाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुमचे जिंकले शेवटी, एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. आता गल्लीत कोणी माझ्या चुलीतला विस्तव नेत नाही. गास्पार जेवत नाही. काठी अंगणात फेकून म्हणाला, आई, मामाला लिही. मी आधी त्याच्यावर ओरडले, मग खूप रडले.

ह्यांना पुसून टाक. टोप, ढाल, सगळं. साहेबाला सांग की चूक झाली, तो माणूस वीर नव्हता, हमाल होता. टोळी परवा निघते. गास्पार तिच्यातून जाईल, खुआनाच्या मुलाच्या बरोबरीने. हे त्याची आई शुद्धीवर राहून सांगते आहे. लेखनिकाने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

लोभ असू दे, पण उशीर करू नकोस.

तुझी ताई,
माग्दालेना