सासऱ्यांची गाडी अधांतरी

३ जून, सोमवार
सासऱ्यांची गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवली, सायलेन्सर बदलला. लिफ्ट खाली येईना. लिव्हर दाबला. शिव्या दिल्या. लाथ घातली. अंगठा सुजला.
घातपात! धाकट्या भावाशिवाय कुणाचं काम? लिफ्ट तोच चालवायचा, मी देखरेख करायचो. गेल्या महिन्यात भांडून गेला आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, स्वतःचं गॅरेज थाटलं. त्याची मदत घेणार नाही. मेलो तरी नाही.
सासऱ्यांना म्हटलं, संध्याकाळपर्यंत देतो.

४ जून
सासरे घरून खुर्ची घेऊन आले. दिवसभर मान वर करून बसले. म्हणाले, गाडी दुरुस्तीला दिली होती, टांगायला नाही. मुलगी देतानाही अशीच घाई झाली, असंही म्हणाले. चहा मागवला. वयाचा मान राखला.
निदान झालं! लिफ्टला वर धरून ठेवतं ते तेल. तेल काढलं की लिफ्ट खाली. लोक उगाच अवघड करतात.

५ जून, सकाळ
तेल काढलं. सगळं.

दुपार
गाडी जागची हलली नाही. मी मात्र तेलावरून घसरलो तो थेट सासऱ्यांच्या पायाशी. म्हणाले, नमस्कार पोचला.
बायको म्हणाली, भाऊजींना बोलवा. ठणकावलं, या घरात एक तर त्याचं नाव, नाही तर मी. ती विचारात पडली. इतका वेळ विचार करण्यासारखं त्यात काय होतं?

६ जून
खरा शत्रू सापडला. दोन्ही खांबांत लोखंडी लॉक आहेत, लिफ्ट त्यांवर टेकून बसलीय. कटर आणला. गाडीखाली उभा राहून पहिलं लॉक कापायला घेतलं, तोच कटर बंद पडला. बघतो तर मेन स्विचपाशी धाकटा, रस्ता ओलांडून धावत आलेला. महिन्याभरात पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही ओरडायला. दादा, लॉक तुटलं तर गाडी तुझ्या डोक्यात येईल! आधी लिफ्ट जरा वर घ्यायची, लॉक सोडवायचे, मग खाली आणायची.
हे मला सुचणारच होतं.
मग त्याने विचारलं, तेल कुठाय? मी गटाराकडे पाहिलं.
मी गाडीखालून बाहेर येईपर्यंत त्याने स्विचवरचा हात काढला नाही. लहानपणापासूनच भित्रा.

७ जून
धाकट्याने आपलं तेल आणून ओतलं. लिफ्ट वीतभर वर गेली, लॉक सुटले, गाडी अलगद खाली. म्हणजे दोष तेलाचाच होता. माझं निदान बरोबर.
सासऱ्यांनी आभार मानले. त्याचे.

८ जून
बायको म्हणाली, भाऊजींनी त्यांच्या गॅरेजात भागीदारीचं विचारलंय. शेवटी आला ना वळणावर! म्हटलं, सांग त्याला, दादा विचार करून कळवेल.
ती म्हणाली, तुम्हाला नाही, मला विचारलंय. मी हो म्हटलं.

९ जून
समोरच्या रस्त्यावर रहदारी फार. बायकोला एकटीला ओलांडू देणं बरं नाही. रोज सकाळी पलीकडे पोचवायला मलाच जावं लागणार.