भुरीसमोरचं भोत

१२ नोव्हेंबर
भुरीचं रेडकू काल गेलं. नऊ दिवसांचं होतं. आज दोन्ही वेळा तिनं पान्हा चोरला, बादलीत जेमतेम पाव लिटर. गाइड सरांना विचारलं, पान्हा सुटायचं इंजेक्शन देऊ? "ते द्यायचं नाही म्हणून तर हा विषय दिलाय तुला." म्हणजे माझा एम.एस्सी.चा प्रबंध आता एका म्हशीच्या मर्जीवर.
रामसेवक, विद्यापीठाच्या फार्मवरचे सगळ्यात जुने गवळी. म्हणाले, "चिंता मत करो बिटिया. खाल में भूसा भरवा देंगे."

१६ नोव्हेंबर
भोत आलं. त्याच रेडकाचं कातडं, आत भुसा, काठ्यांचे पाय, डोळ्यांच्या जागी टाके. पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. भुरीनं हुंगलं, चाटायला लागली, दोन मिनिटांत पान्हा सोडला. सकाळी साडेतीन लि. आनंद व्हायला हवा होता. त्या टाक्यांकडे मात्र बघवलं नाही.
रामसेवकांना विचारलं, तिला खरंच कळत नाही? हसले आणि बादली उचलली.

१८ नोव्हेंबर
कोल्हापूरकडच्या डेअरीचं पत्र आलं. मला घेतलं! गोठ्यांची पाहणी, खुराक ठरवणं, गावोगाव फिरणं. हो-नाही तीसपर्यंत कळवायचं. मला जायचंय. खूप जायचंय.
आईला सांगितलेलं नाही. दादा अपघातात जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा मी बारावीत, पुढे गणित घेणार होते. आईनं त्याचा कॉलेजचा पांढरा ॲप्रन माझ्या हातात ठेवला. खिशावर लाल दोऱ्यानं तिनंच काढलेलं 'निखिल'. मी तो अंगावर चढवला, त्या दिवशी ती तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मग काय बोलणार? त्याचंच कॉलेज, त्याचाच विषय. चहासुद्धा त्याच्याच पेल्यात.

२० नोव्हेंबर
पडावला राहणारा मामा जेवायला. "इतना पढ़ून शेवटी शेणच ना गं, मुक्ते?" मी यादीच ऐकवली. एक मैत्रीण पशुखाद्याच्या कारखान्यात, एक पोल्ट्रीत, एक दुधाच्या प्लांटवर तपासनीस, एक सरकारी परीक्षेच्या मागे. मामानं आणखी एक पोळी मागितली. तेवढ्यात आई वाढता वाढता म्हणाली, "निखिलला प्राणिसंग्रहालयात नोकरीला जायचं होतं." पत्राचं राहूनच गेलं.

२२ नोव्हेंबर
भोताला माश्या, घाण वास. मी शहाणी! फिनाइलच्या पाण्यानं स्वच्छ पुसलं, उन्हात ठेवलं. संध्याकाळी भुरीनं एकदा हुंगलं, फुरफुरली, ढुशीच मारली. पान्हा नाही. रामसेवक पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "पढ़-लिख के यही सीखा? महक ही तो बची थी उसके पास!"
घरी येताना माधवगंजच्या चढावर एकदम आठवलं. पहिल्या वर्षी मी ॲप्रन साबण लावून धुतला होता. आई दोन दिवस बोलली नव्हती. का, ते मला आज कळलं. पुन्हा ॲप्रन कधी माझ्या हाती धुवायला आला नाही. ती ओल्या फडक्यानं पुसते, इस्त्री करते.

२३ नोव्हेंबर
रामसेवकांनी भोताला भुरीचंच दूध चोळलं, वर मीठ आणि कोंडा. चाटलं. स. तीन लि. मिठासाठी चाटते की... प्रबंधात हे कसं लिहायचं?
भोताची सवय सुटावी म्हणून आता रोज ते हातभर मागे न्यायचं, खुराक मात्र तोच, वेळ तीच, हात तोच. सरांची परवानगी मिळाली.

२६ नोव्हेंबर
भोत दाराशी. दूध टिकून आहे.
आई सकाळी ॲप्रनची बटणं लावून देताना खिशावरून हात फिरवते. रोजच फिरवते. आज मलाच आत भुसा भरल्यासारखं वाटलं. तिनं वर बघितलं असतं तर सांगितलं असतं. नाही बघितलं.

२८ नोव्हेंबर
भोत गोठ्याबाहेर. स. चार लि., पूर्ण! दूध देताना भुरीची मान मात्र सारा वेळ भोत आधी असायचं त्या रिकाम्या कोपऱ्याकडे.
मी म्हटलं, शेवटी विसरलीच. रामसेवक धार काढता काढता म्हणाले, "भूली नहीं बिटिया. उसे तो पहले दिन से पता था. हमारा मन रखती रही."

२९ नोव्हेंबर
सांगितलं. आई इस्त्री करत होती, तोच ॲप्रन. मी एका दमात सगळं बोलले. डेअरी, कोल्हापूर, उद्या शेवटचा दिवस.
तिनं बाही उलटी केली, दुसरी बाजू केली. "तुला गणित घ्यायचं होतं ना?"
सहा वर्षं मला वाटत होतं, तिला आठवतही नाही. रडूच फुटलं मला. मेलं आधी का नाही म्हणालीस?
"म्हणाले असते तर तू काढून ठेवला असतास तो." मग इस्त्री उभी ठेवून, "जा तू. ॲप्रन मात्र इथंच ठेव." मी हो म्हटलं. "आणि धुवू नकोस. आता त्याला तुझा वास आहे."

३० नोव्हेंबर
फार्मवर ॲप्रनशिवाय गेले, थंडी वाजली. सं. भुरी चार लि. मान तिकडेच.
होकाराचा मेल लिहून तयार आहे, पाठवायचा तेवढा राहिलाय. ॲप्रन खुंटीवर. आल्यापासून दोनदा आई त्याच्या शेजारून गेली, थांबली नाही. आत्ता थांबली आहे, खिशाजवळ नाक नेऊन.