तिसऱ्या डेस्कटॉपवर यशू

१९ ऑगस्ट, मंगळ.
यशूने आज डब्लिनवरून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून (परवानगी मीच दिली) तीन डेस्कटॉप करून दिले. स्क्रीन एकच, पण कंट्रोल, विंडोज आणि बाण दाबला की समोरचं सगळं बदलतं. पहिल्याचं नाव ‘प्रेस’. तिथे फक्त गिरगावच्या प्रेसचं काम, मागे साधा राखाडी रंग. दुसरा ‘घर’: लाइटबिल, बँक, सोसायटी. त्याच्यामागे वरळीच्या आपल्या चाळीच्या व्हरांड्याचा फोटो लावला. तिसऱ्याला नाव काय देऊ, विचारलं.
“तिथे मी.”
म्हणजे तिथे व्हिडिओ कॉल लावून ठेवायचा. ती घरून तिचं ऑफिसचं काम करणार, मी माझं टायपिंग. बोलायलाच पाहिजे असं नाही.
“सगळं एकावर एक उघडून बसतेस, म्हणून फाइली हरवतात तुझ्या.” मला शिकवते! पंचवीसेक वर्षं डीटीपी करते आहे मी.

२१ ऑगस्ट
माझं जेवण झालं की तिची सकाळ. कॉफीचा मग, टोपीवाला स्वेटर, डोळे अर्धे मिटलेले. “गुड मॉर्निंग आई.” मग मी ‘प्रेस’वर येते. चेहरा जातो, आवाज राहतो. तिची खुर्ची, तिचा कीबोर्ड, कपात चमचा.
हे गेल्यापासून पहिल्यांदा दुपारी रेडिओ लावला नाही.

३ सप्टें.
दिवाळी अंकाचं काम सुरू. लेखकांनी जुन्या फॉन्टमध्ये पाठवलेलं युनिकोडमध्ये आणलं की रफार उडतात. ‘सूर्य’चा ‘सूय’. एकेक बसवत बसायचं.
तिकडून यशू मध्येच, “आई, पाणी प्यायलीस का?” तिसऱ्यावर जाऊन ग्लास दाखवला. रिकामाच होता.

७ सप्टें., रवि
रविवारी कॉल नसतो. ती बाहेर जाते म्हणे. जावं.
लताताई लिफ्टमध्ये भेटल्या. चाळीत आमची भिंतीला भिंत. त्यांच्या फोडणीचा ठसका मला यायचा. आता चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये त्या सहाव्यावर, मी चौदाव्यावर. ‘जय भीम’ म्हणून दोन वाक्यं होतात तोवर त्यांचा मजला येतो. वर ये, चहाला, असं दोघी म्हणतो. इथे दार बंद ठेवायची सवय लागली सगळ्यांना.

११ सप्टें., गुरु.
लिहू की नको.
दुपारी ‘प्रेस’वर होते. एका कथेचे रफार लावत होते. यशू तिकडून काहीच बोलत नव्हती, म्हटलं मीटिंग असेल. मग एका मुलाचा आवाज आला. मराठीच.
“अजून चालूच आहे का?”
यशू म्हणाली, “हळू. आपला आवाज म्यूट आहे, पण तरी.”
नव्हता म्यूट.
“रोज असं भिंतीला चिकटून चालायचं का मी? तुझ्या आईला दिसेन म्हणून?”
“मग काय सांगू तिला? बंद कर म्हणू? एकटी आहे रे ती. मीच लावून दिलंय. थोडे दिवस जाऊ दे, कमी करेन हळूहळू.”
मग खुर्ची सरकली. दार.
मी तिसऱ्यावर गेले नाही. ‘कार्य’ हा शब्द पुसला, परत टाइप केला, परत पुसला. संध्याकाळी नेहमीसारखं “चल आई, बाय” म्हणाली. मी पण बाय म्हटलं. माझा चेहरा तिला कसा दिसला असेल कोण जाणे.

१२ सप्टें.
यशूला सांगून टाकलं. नेट फार स्लो झालंय, त्यात दि. अंकाच्या जड फाइली. दिवसभर कॉल नाही झेपत. रविवारी बोलत जाऊ निवांत.
मला वाटलं, हो-नाही करेल. राउटर बंद करून चालू कर म्हणेल, ते तर नेहमीच म्हणते.
“ओके आई. तू सांभाळून कर काम.”
लगेच. श्वाससुद्धा न घेता.
चांगलं झालं. तेच तर पाहिजे होतं मला.

१३ सप्टें.
तिसरा डेस्कटॉप बंद केला. बंद केला की त्याच्यावरचं उघडं असतं ते शेजारच्यावर येऊन पडतं, हे माहीत नव्हतं. कॉलची रिकामी खिडकी ‘घर’वर आली, व्हरांड्याच्या फोटोवर. त्यात मीच दिसत होते. केस विंचरलेले नव्हते.
रागाचं काय सांगू. तो मुलगा कोण, याचा राग नाही. लग्नाच्या वयाची आहे, असणारच कोणीतरी. ‘हळूहळू कमी करेन’ हे लागलं. औषध कमी करतात तसं.

१७ सप्टें.
प्रेसमध्ये जाऊन बसले. सामंतसाहेब, प्रेसचे मालक, म्हणाले, “बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? नेट गेलं का घरचं?” म्हटलं, हो. तेच खोटं दुसऱ्यांदा.
आता तिथे दोनच ऑपरेटर, दोघांच्या कानात ते बारके हेडफोन. पूर्वी प्रूफ मोठ्याने वाचायचो आम्ही, एकीने वाचायचं, एकीने बघायचं. आज मी जेवणाचा डबा उघडून “घ्या रे” म्हटलं, दोघांनाही ऐकू गेलं नाही. एसी मात्र छान.
उद्या जाणार नाही.

२१ सप्टें., रवि
यशूचा फोन. पाऊस, ऑफिस, भाजी महाग. मी विचारणार होते. शब्द जमवून ठेवले होते. “घरी कोणी…” इतकं म्हटलं, तिने लगेच, “काय?” म्हटलं, “कोणी साफसफाईला येतं की तूच करतेस?”
तूच करतेस. हे विचारलं मी.

२ ऑक्टो.
दसरा, धम्मचक्र दिन. पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेले. खीर होती. लताताईंनी विचारलं, यशू कशी आहे? मजेत. “रोज बोलता ना तुम्ही व्हिडिओवर? नशीब लागतं बाई.” त्यांचा मुलगा त्याच घरात असून बोलत नाही, म्हणाल्या. आज मात्र लिफ्टची वाट न बघता त्या माझ्याबरोबर जिन्याने चढल्या, सहाव्यापर्यंत. पुढचे जिने एकटीने. दमले.

७ ऑक्टो., मंगळ.
दुपारीच फोन, कामाच्या दिवशी. घाबरले.
“आई, नेट झालं का नीट?”
“नाही गं अजून.”
“मग परवा तीन जीबीची फाइल कशी पाठवलीस प्रेसला? तूच सांगितलंस.”
मग तीच म्हणाली, “दुसऱ्याच दिवशी कॉल नको म्हणालीस. तू ऐकलंस ना त्या दिवशी.”
“काय?”
“आई, प्लीज.”
हो म्हटलं. ती रडायला लागली. इतक्या लांब रडणाऱ्या माणसाला काय करायचं असतं? म्हटलं, चष्मा काढ आधी, खराब होईल. नाव विचारलं. निखिल. कराडचा. ‘आपल्यातला’ आहे का, हे विचारायचं जिभेवर आलं आणि गिळलं. हे असते तर त्यांनी विचारू दिलं नसतं.

१२ ऑक्टो., रवि
आज तिने त्याला समोर बसवलं. दाढी, शांत चेहरा, कॉलरवाला शर्ट, मुद्दाम घातलेला. “जय भीम, काकू.” तिने शिकवलं की त्याचंच, कळलं नाही. मीही जय भीम म्हटलं, पहिल्यांदा आवाज ऐकतेय असं दाखवत.
मग तोच म्हणाला, “काकू, तुमच्या संध्याकाळच्या कुकरची शिट्टी झाली की आम्हाला इथे भूक लागायची. आता जेवायचं लक्षातच राहत नाही.”
आम्हाला.
म्हणजे मी रफार लावत होते, काहीबाही पुटपुटत होते, एकदा ह्यांच्या फोटोशी बोलले होते, तेव्हा तोही तिकडे होता. लाज वाटली. आणि दुसरंही काही वाटलं, ते लिहिता येत नाही नीट.
कॉल ठेवताना यशू म्हणाली, “आई, उद्यापासून परत लावूया का? आता कोणी भिंतीला चिकटून चालणार नाही.”
बघते, म्हटलं.
रिकामा डेस्कटॉप करून ठेवलाय एक. नाव टाकलेलं नाही.