मीच नामंजूर केलेली अकरा पुस्तके

प्रति,
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी,
बुलढाणा.

अर्जदार : निवृत्ती कडूबा शेजोळ, सेवानिवृत्त शिक्षक, मु. पो. धाड.

विषय : समलिंगी हक्कांच्या राजकारणावरील नामंजूर अभ्यासग्रंथ मिळणेबाबत.
संदर्भ : अक्षरवाट वाचनालय, धाड येथील मागणी नोंदवही, दि. १२ जुलै.

महोदय,

सविनय कळवितो की, मी वरील वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर नऊ वर्षे आहे. मागणी नोंदवहीत वाचकाचे नाव नसते, फक्त सभासद क्रमांक असतो. जुलैत एकाने वरील विषयावरील अकरा ग्रंथ मागितले. क्रमांक कोणाचा, हे मी पाहिले नाही. लाल शाईने शेरा मारला : "नामंजूर. असली माणसे गावात नकोत."

क्रमांक माझ्या मुलाचा, प्रज्वलचा होता, हे नंतर कळले. एम.ए.चा प्रबंध तो याच विषयावर लिहीत होता, आणि विषय त्याच्या स्वतःच्या जगण्याचा होता. घरी बोलला नव्हता. समितीवर मी आहे हे त्याला ठाऊक होते. कदाचित म्हणूनच तिथे लिहिले असेल. त्याच आठवड्यात तो पुण्याला निघून गेला. एकच मेसेज आला : "बाबा, ती पुस्तके वाचल्याशिवाय मला फोन करू नका."

मग मी शोधायला निघालो. एका ग्रंथालयात विषय हळू आवाजात सांगितला, तर गुप्तरोगांवरचे पुस्तक हाती दिले. इंटरनेटवरचे लेख विद्यापीठाचा पासवर्ड मागतात. आमच्या ग्रंथपाल मनालीताई म्हणतात, नाकारलेली मागणी समितीच्या ठरावाशिवाय पुन्हा घेता येत नाही. समिती म्हणते, शेजोळ गुरुजींचा शेरा कोण खोडणार? तेहतीस वर्षे लोकांच्या पोरांना 'वाचा रे' म्हणून ओरडलो, महोदय, आणि घरच्या पोराच्या पुस्तकांवर काट मारली. पत्नी बेबीताई ताट वाढताना म्हणते, "तुमीच हाकललं त्याले, आता तुमीच आना."

तरी अकराही ग्रंथ आपल्या अधिकारात मंजूर व्हावेत. इंग्रजी मला जड जाते, म्हणून शब्दकोश घरी नेऊ द्यावा. माझा शेरा खोडू नये. त्याने तो वाचला आहे. त्याखाली मला माफी लिहू द्यावी. हा अर्ज कृपया गोपनीय ठेवावा, कारण हेही मी त्याला न विचारताच सांगतो आहे.

पुस्तके यायला किती दिवस लागतील, तेवढे कळवावे. तेवढे दिवस मला त्याचा आवाज ऐकता येणार नाही.

आपला नम्र आणि त्याचा अपराधी,
नि. क. शेजोळ
दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) अकरा ग्रंथांची यादी, माझ्या हाताने उतरवलेली.
२) समिती सदस्यत्वाचा राजीनामा.