चालत्या घराचा उंबरा

भेस्तान, सुरत
ता. ४ मे १९९७

श्रीयुत हेमराज आप्पा यांसी, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा भटू याचा सुरतहून हात जोडून रामराम. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमच्याकडची खुशाली तुमच्याच गावचा सुपडू सांगतो, पण ती तुमच्या अक्षरात आली असती तर जास्त खरी वाटली असती. सरलावहिनींचे गुडघे कसे आहेत? आणि पांढऱ्या बैलाच्या शिंगाला लागलं होतं ते भरून आलं का? (सुपडूने आधी बैलाचं सांगितलं होतं, मग वहिनींचं. मी क्रम लावून विचारतो आहे.)

पत्रास कारण की, सुपडू मागच्या खेपेला साड्यांचे गठ्ठे घेऊन गावाकडे आला तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ माझ्या गाडीची चौकशी केलीत म्हणे. गाडीत घर कसं केलं, ते राखायचं कसं, त्यात बसून माणसाला द्वारका-सोमनाथ होईल का, गॅसचा स्फोट तर होत नाही ना, असं सगळं तुम्ही खोदून खोदून विचारलंत. बहिणीबद्दल मात्र चकार शब्द नाही. सुपडूला याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. तुमच्या घराण्यात माणसाची आठवण आली की वस्तूची चौकशी करतात, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. म्हणून गाडीचं सविस्तर लिहितो. ज्याचं त्याने समजून घ्यावं.

गाडी म्हणजे हजीऱ्याच्या कारखान्यात माणसं नेणारी जुनी मिनीबस. मी टेम्पोतून कापडाचे ताके वाहतो, त्यामुळे भंगारात निघालेल्या गाड्या माझ्या नजरेला लवकर पडतात. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी रमणभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी मागच्या सीटा काढून पलंग बसवला, त्याखाली धान्याचे डबे, एका बाजूला ओटा आणि मोरी, छतावर पिण्याच्या पाण्याची टाकी आणि पोटाखाली मोरीच्या सांडपाण्याची टाकी. संडासही बसवून देतो म्हणाले, पण ज्या घरात चूल त्याच घरात ते नको, असं तुमच्या बहिणीने ठणकावलं. तेव्हा पहिला सल्ला लिहून ठेवा: डबा जवळ बाळगावा आणि मुक्काम झाडीजवळ करावा.

दुसरा सल्ला वजनाचा. घरातलं सामान भिंतीशी लागलं की शोभतं, गाडीतलं दोन्ही भिंतींशी वाटून लागलं तरच चालतं. तुमच्या बहिणीने लोखंडी कोठी, पाटा-वरवंटा आणि लोणच्याच्या बरण्या डाव्या अंगाला लावल्या, कारण चाळीतल्या खोलीत त्या डाव्या अंगालाच होत्या. आम्ही चाचणी म्हणून बारडोलीपर्यंत गेलो, तर रस्त्यात भेटलेला प्रत्येक माणूस हात करून सांगे की तुमचं डावं टायर बसलंय. मी दोनदा उतरून पाहिलं. टायर ठणठणीत होतं, वाकलं होतं ते घर. शेवटी पाटा उजवीकडे आला आणि मी डावीकडे झोपू लागलो. (माझं वजन वरवंट्याच्या उपयोगी पडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.) मुक्कामाची जागा सपाट आहे की नाही हे पाहायला ताटात पातळ वरण वाढावं. वरण ज्या कडेला धावेल त्या कडेच्या चाकाखाली फळी सारावी.

आता पाण्याचं ऐका, कारण तिथेच आमची फजिती झाली. त्या चाचणीला सुपडू बरोबर होता. निघायच्या आधी रमणभाईंनी गाडीभोवती फेरी मारली, छतावरच्या टाकीवर थाप दिली आणि सुपडूला म्हणाले, “टांकी खाली छे, भरी दे.” आता सुरतेत राहणाऱ्या पोरासोरालाही कळतं की गुजरातीत खाली म्हणजे रिकामी. पण सुपडू पडला तुमच्या गावचा. त्याने मनाशी म्हटलं, टाकी खाली आहे, म्हणजे खालची टाकी भरायची. तो नळी घेऊन मुकाट गाडीखाली शिरला आणि सांडपाण्याची टाकी त्याने काठोकाठ भरून टाकली, वर झाकण घट्ट लावून, फडक्याने पुसूनसुद्धा. असं मन लावून केलेलं काम मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. बारडोलीच्या अलीकडे उसाच्या कडेला आम्ही थांबलो. प्यायचा नळ सोडला तर नुसती हवा. तुमच्या बहिणीने शेजारच्या शेतावरून कळशीभर पाणी आणून मोरीत तांदूळ धुतले, तर ते पाणी जायला जागाच नाही. तसेच आम्ही निघालो, आणि पहिल्याच खड्ड्याला मोरीतून पाणी उलटं उसळलं. पिठाचा डबा, माझी पायताणं आणि सुपडू, तिन्ही एकाच सपाट्यात भिजले. सुपडू अजूनही म्हणतो की चूक त्याची नाही, भाषेची आहे. माझं मतही हळूहळू तसंच होत चाललं आहे.

बाकीचं थोडक्यात. गाडी सुरू करण्याआधी गॅसच्या शेगडीचा आणि सिलिंडरचा, दोन्ही कॉक बंद करावेत आणि सिलिंडर साखळीने बांधावा. टायरची हवा सकाळी, चाकं गार असताना पाहावी. घाटात उतरताना गियर काढू नये. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे इंजिन बंद असताना दिवा-पंखा चालू ठेवून झोपू नये, बॅटरी उतरते आणि सकाळी गाडी ढिम्म हलत नाही. ही चूक फक्त बिनडोक माणूस करतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या गाडीला नसली तरी चालेल. आम्ही आता चाळीपुढे उभ्या गाडीतच राहतो, आणि तिला उंबरा आहे. खरा, सागवानी, मागच्या दारात ठोकलेला. रमणभाईंनी कपाळाला हात लावला. गाडीमां उंबरो, बहेन, पडी जशो, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. तुमच्या बहिणीने ऐकलं नाही. ती रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावते आणि आम्ही रोज सकाळी त्याला अडखळतो. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख तिथेच गेलं. उंबरा कशाला हवा, असं मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की उंबरा असेल तर ते घर, नाहीतर नुसती गाडी.

आप्पा, उंबऱ्याचं निघालं म्हणून लिहितो. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली, सगळं शहर स्टेशनाकडे धावलं आणि आम्हीही अंगावरच्या कपड्यांनिशी तुमच्या दाराशी आलो. तुम्ही आम्हाला घरात घेतलं नाही. खळ्यातल्या पत्र्याखाली ठेवलंत, आणि वहिनी ताट लांबवर ठेवून मागे फिरायच्या. मला राग आला नाही. घरात लेकरं होती, तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. (शिवाय वहिनींच्या हातचं जेवण लांबूनही चांगलंच लागतं.) पण माझं ते सासर होतं. तिचं माहेर होतं. ज्या उंबऱ्यावर ती लहानपणी बसून खेळली त्याच्या बाहेर तिला उभं केलं, हे तिच्या मनाला फार लागलं. निघताना ती तुम्हाला काय म्हणाली ते तुम्ही विसरला नसाल. भाऊ माझ्या उंबऱ्याशी येऊन मला नेईल तेव्हाच मी माझं घर सोडून माहेरी येईन.

तेव्हापासून वैशाखात अक्षय्य तृतीयेची आखाजी आली की आमची चाळ बायकांविना ओस पडते. कोणाचा भाऊ, कोणाचा भाचा मुऱ्हाळी म्हणून येतो आणि बहिणीला माहेरी घेऊन जातो. एकटी तुमची बहीण दाराशी बसून तांदूळ निवडते. नाव चंचल, पण तुमच्या दिशेने पाऊल हलत नाही. तुम्ही सुपडूबरोबर आंब्याची पाटी पाठवलीत. तिने आंबे खाल्ले आणि निरोप परत केला. तुमचं नावही ती घेत नाही, सरलावहिनींचे मालक म्हणते. तुम्ही स्वतः का येत नाही, हे मी ओळखून आहे. तिने दार लावून घेतलं तर, ही भीती. तिला मला टोमणे मारताना ऐकलंय, पण दार लावताना कधी पाहिलं नाही. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. उत्तर आलं तर बरं वाटेल.

तुमचा,
भटू

ता. क. वर भेस्तान लिहिलं ते खोटं नाही, पत्र तिथेच लिहिलं. पण टपालात टाकलं नाही, खिशात घेऊन निघालो. सप्तशृंगीला जाऊ म्हणून तिला आणि सुपडूला गाडीत बसवलं. नवापूर गेलं, कोंडाईबारीचा घाट ओलांडला, रस्ता कुठे चाललाय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. घाटापलीकडे ती नवं लुगडं नेसली.

ता. क. दुसरा. काल रात्रीपासून आम्ही तुमच्या गावाबाहेर, शाळेमागच्या चिंचेखाली उभे आहोत. पत्र सुपडूच्या हाती देतो. तिने घर सोडलेलं नाही, उंबरा ओलांडलेला नाही. शपथ शाबूत आहे. घरच इथवर आलं आहे. आता तुम्हाला सुरतेपर्यंत यायचं कारण उरलं नाही, गाव ओलांडलं की पुरे. मुऱ्हाळी म्हणून या. उंबऱ्याला जपून, सगळ्यांना ठेच लागते.

ता. क. तिसरा. येताना मागून चार दणकट माणसं येऊ द्या. तिने रात्रभर दिवा लावून ठेवला होता, मालव म्हणायचा मला धीर झाला नाही. बॅटरी उतरली आहे.

ता. क. शेवटचा. वरचा मजकूर तिने माझ्या खांद्यावरून वाचला आणि म्हणाली, “बॅटरीनं लिखू नका. गाडी ढकलासाठेच बलावं, असं दादाले वाटी.” गाडी ढकलायलाच बोलावलं असं तुम्हाला वाटेल, ही तिला काळजी. आप्पा, त्या साथीपासून तिच्या तोंडून दादा हा शब्द मी आज ऐकला. तेव्हा बॅटरीचं खोडलं आहे असं समजा, माणसं राहू द्या, आणि तुम्ही एकटे या.